वॉरगेमिंगच्या मिनिएचर्सचं प्रदर्शन कसं बघायचं

काचेच्या कपाटासमोर पोचलं की बहुतेकांचं नाक थेट काचेला लागतं. तिथेच चुकतं. वॉरगेमिंगची मिनिएचर म्हणजे टेबलावरच्या लढाईतली सोंगटी. खेळणारा टेबलाशी उभा असतो आणि सोंगटी त्याच्या डोळ्यांपासून साधारण तीन फुटांवर असते. रंगवणाऱ्याने आधी त्या अंतराचा विचार केलेला असतो. कुणीतरी ती उचलून डोळ्यांसमोर धरेल, हा विचार त्यानंतरचा. या दोन्ही अंतरांना एकाच वेळी पुरून उरणं हे या कामातलं खरं कसब. ते पकडायचं तर आधी लांबून, मग जवळून, मग बाजूने, याच क्रमाने बघावं लागतं.

पुढचं सगळं मुख्यतः इंग्लंडमधली दोन ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. पहिलं नॉटिंगहॅमचं वॉरहॅमर वर्ल्ड. वॉरहॅमर हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीच्या मुख्यालयातलं हे कायमचं प्रदर्शन. दाराबाहेर स्पेस मरीनचा, म्हणजे त्या खेळातल्या चिलखती सैनिकाचा, भलामोठा पुतळा आहे, त्यामुळे इमारत चुकत नाही. दुसरं सॅल्यूट. साउथ लंडन वॉरलॉर्ड्स हा क्लब 1972 पासून भरवत असलेली ही एक दिवसाची जत्रा आता लंडनच्या एक्सेल सेंटरमध्ये, सहसा एप्रिलमध्ये भरते. नॉटिंगहॅमच्या आसपास गेम्स वर्कशॉपशिवाय वॉरलॉर्ड गेम्स, पेरी मिनिएचर्स, मँटिक अशा कंपन्याही आहेत. जुन्या आकृत्या शिसंमिश्रित धातूच्या ओतत असत, म्हणून या भागाला थट्टेने ‘लेड बेल्ट’, म्हणजे शिशाचा पट्टा, म्हणतात. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेल्या मराठी माणसाला एक रविवार सत्कारणी लावायला ही जागा वाईट नाही.

जाताना काय न्यायचं

फार काही लागत नाही. चाळिशी उलटली असेल, किंवा नसली तरी, औषधाच्या दुकानात मिळणारा +2.5 चा तयार चष्मा खिशात ठेवा. त्याने साधारण 40 सेंटीमीटरवरचं स्पष्ट दिसतं, आणि काचेसमोर वाकल्यावर डोळ्यांपासून फळीच्या मध्यापर्यंतचं अंतर बहुधा तेवढंच भरतं. हातात धरायचं भिंग इथे कुचकामी ठरतं, कारण ते वस्तूच्या अगदी जवळ न्यावं लागतं आणि मध्ये काच असते. ज्यांना हा नाद लागलाय ते पेंटॅक्सची पॅपिलिओ नावाची छोटी दुर्बीण वापरतात. ती अर्ध्या मीटरवर फोकस होते. फुलपाखरं बघणाऱ्यांसाठी केलेली वस्तू आहे, पण दोन फुटांवरच्या मिनिएचरच्या पापण्या तिच्यातून मोजता येतात.

कपडे गडद घाला. पांढरा शर्ट घातलात तर काचेत आधी तुम्हीच दिसाल. पाठीवरची सॅक पुढे घ्या. प्रदर्शनात सर्वांत जास्त नुकसान वळताना लागलेल्या सॅकने होतं. आणि वेळ सांभाळा. एक दिवसाच्या जत्रेत स्पर्धेच्या प्रवेशिका सकाळी जमा होतात, त्यामुळे सकाळी कपाटं अर्धी रिकामी असतात. बक्षिसं वाटून झाली की लोक आपापलं सामान घेऊन निघतात. बघण्याचा खरा वेळ म्हणजे जेवणानंतरचे दोन तास, आणि नेमकी तेव्हाच गर्दी असते. कायमच्या प्रदर्शनात हा त्रास नाही. तिथे दार उघडतानाच जावं.

तीन फुटांवरून

पहिली नजर तीन फुटांवरून, आणि निदान दहा सेकंद. एवढ्यात तीन गोष्टी कळायला हव्यात. नजर आधी कुठे गेली? ही आकृती काय करतेय हे समजलं का? मागच्या फळीपासून आणि पायाखालच्या जमिनीपासून ती सुटी दिसते का? चांगल्या कामात नजर बहुतेक वेळा चेहऱ्यावर जाते, तिथून हातातल्या शस्त्रावर उतरते आणि मग बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर. ती थेट ढालीच्या कडेवर किंवा बुटांवर गेली तर रंगवणाऱ्याने सर्वांत उजळ रंग चुकीच्या जागी खर्च केला आहे.

मग डोळे किलकिले करा. रंग विरघळतात आणि फक्त उजेड-अंधार उरतो. तरीही डोकं, छाती, हात वेगळे दिसत असतील तर पाया पक्का. सगळ्याचा एकच करडा गोळा झाला तर जवळ गेल्यावर कितीही नाजूक काम दिसो, मिनिएचर टेबलावर मरते.

इथे नवख्यांचा एक आक्षेप ठरलेला असतो: सावल्या फारच काळ्या आणि उजेड फारच पांढरा काढलाय, खरा माणूस असा दिसत नाही. हिशोब करून बघा. 28 मिलिमीटरची आकृती ढोबळमानाने खऱ्या माणसाच्या छप्पन्नाव्या हिश्शाएवढी असते. तीन फुटांवरून ती डोळ्याला तेवढीच दिसते, जेवढा खरा माणूस पन्नासेक मीटरवरून. पन्नास मीटरवरच्या माणसाच्या सदऱ्याच्या चुण्या दिसत नाहीत, गालाचं हाड तर सोडाच. त्या दिसाव्यात म्हणून रंगवणारा चुणीच्या पोटात गडद आणि पाठीवर उजळ रंग देतो, प्रमाणापेक्षा जास्त. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्याची मिशी एवढी जाड का असते? कारण ती रस्त्यावरून दिसायला हवी.

मापाबद्दल एक खुलासा. 28 मिलिमीटर ही उंची सहसा तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, डोक्याच्या टोकापर्यंत नाही. आणि कल्पनाविश्वातल्या बहुतेक आकृत्या ‘हिरोइक’ प्रमाणात असतात, म्हणजे डोकं, पंजे आणि शस्त्रं मुद्दाम मोठी. हा शिल्पकाराचा निर्णय असतो, त्याचा दोष रंगवणाऱ्याला देऊ नका. 6 किंवा 15 मिलिमीटरच्या पलटणी बघताना एकेक शिपाई तपासू नका. तिथे एकक म्हणजे आख्खी तुकडी. 54 आणि 75 मिलिमीटरच्या आकृत्या बहुधा खेळासाठी नसतातच, फक्त मांडण्यासाठी असतात. त्यांच्यावरची त्वचा बघून झाल्यावर लगेच 28 च्या कपाटाकडे वळलात तर सगळंच भरड वाटेल. मध्ये पाच मिनिटं चहा घ्या.

जवळून: एका फुटावर काय तपासायचं

आता जवळ जा, पण रंगाकडे नंतर. आधी रंगाखालचं काम बघा. आकृती दोन अर्ध्या साच्यांत ओतली जाते आणि ते साचे जिथे मिळतात तिथे एक बारीक धार उठते. तिला मोल्ड लाइन म्हणतात. ती सुरीच्या पाठीने खरवडून काढायची असते. राहिली असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, दंडावर, शिरस्त्राणाच्या माथ्यावर आणि तलवारीच्या मुठीवर सापडते. गंमत अशी की कोऱ्या प्लास्टिकवर ती जवळजवळ दिसत नाही. वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाण्यासारखा पातळ गडद रंग, दिला की तिच्या दोन्ही कडांना रंग साचतो, किंवा कोरड्या ब्रशने घासलं की नेमका तिच्यावरच उजळ रंग बसतो, आणि मग ती ओरडून सांगते. त्यानंतर जोड बघा: खांदा, कंबर, अंगरख्याच्या दोन पाळ्या. जिथे पुट्टी भरलेली नाही तिथे केसाएवढी काळी फट दिसते. घरी थ्रीडी प्रिंटरवर काढलेली आकृती असेल तर गोल माथ्यावर आणि हलक्या उतारावर पायऱ्या शोधा. रेझिन, म्हणजे कडक होणारा चिकट द्रव, वापरून काढलेल्या प्रिंटचा एक थर साधारण 0.05 मिलिमीटरचा असतो. उभ्या भिंतीवर तो लपतो, सपाटीकडे झुकलेल्या भागावर उघडा पडतो.

नंतर रंगाची जाडी. साखळीचं चिलखत, रिव्हेट, बोटांमधल्या खाचा ही तपासण्याची ठिकाणं. या हस्तव्यवसायातला पहिला धडा ‘दोन पातळ हात’ असा आहे. बाटलीतला रंग पाणी न घालता एकाच जाड हातात लावला की खाचा भरतात आणि रिव्हेट साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत होतात. पायाचा रंग साधारण निम्मं पाणी घालून, आणि छटा मिसळण्यासाठीचा ग्लेझ एका भागाला चार-पाच भाग पाणी घालून लावतात. ग्लेझचे आठ-दहा हात दिले की एक छटा दुसरीत कुठे संपली ते बोट ठेवून दाखवता येत नाही. उलट वॉश मोकळ्या सपाट जागेवर सांडून तसाच वाळू दिला की चहाच्या कपाचा उमटतो तसा गोल डाग राहतो. तो डाग रणगाड्यांच्या पाठीवर आणि झग्यांच्या खालच्या घेरावर हमखास भेटतो.

2019 मध्ये गेम्स वर्कशॉपने काँट्रास्ट नावाचे रंग आणले. उजळ प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, एकच हात द्यायचा. खाचेत रंग आपोआप गडद होतो, उंचवट्यावरून ओसरतो. केस, फर, दोर, सुरकुतलेली कातडी यांवर ते उत्तम बसतात. सपाट चिलखतावर मात्र ठिगळ पडतात. कपाटात फर सुंदर आणि ढाल डागाळलेली दिसली तर काय घडलंय ते ओळखायला वेळ लागत नाही.

कडांवरच्या हायलाइटवरून, म्हणजे उजळ रेघांवरून, रंगवणाऱ्याचं घराणं ओळखता येतं. गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्या ‘एव्ही मेटल’ या रंगवणाऱ्या चमूची पद्धत म्हणजे प्रत्येक कडेवर बारीक, एकसारख्या जाडीची उजळ रेघ, कोपऱ्यावर एक आणखी उजळ ठिपका, आणि पृष्ठभाग स्वच्छ. इथे रेघ तुटली की चूक दिसते. लपवायला जागाच नाही. दुसऱ्या बाजूला मळकट, गंजलेली, तपकिरी-हिरव्या झाकेतली ‘ग्रिमडार्क’ पद्धत आहे, जिची मुळं चित्रकार जॉन ब्लँच यांच्या चित्रांपर्यंत जातात. तिथे रेघ तुटलेलीच हवी. ग्रिमडार्क काम अस्वच्छ आहे म्हणून नापास करणं म्हणजे लावणीत तानपुरा नाही म्हणून तक्रार करण्यासारखं.

धातू: मान हलवून बघायची परीक्षा

या भागावर थोडं थांबा, कारण मुद्दाम वेळ काढून बघावी अशी हीच गोष्ट आहे. धातू दोन तऱ्हांनी रंगवतात. एकात खरोखर चमकणारे धातुई रंग वापरतात आणि त्यांवर वॉश-ग्लेझने सावल्या देतात. दुसऱ्यात चमक औषधालाही नसते. सोन्यासाठी गडद तपकिरी, गेरू, पिवळा आणि जवळपास पांढरा, पोलादासाठी निळसर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, आणि एवढ्यावर डोळ्याला फसवायचं. याला नॉन-मेटॅलिक मेटल, थोडक्यात एनएमएम, म्हणतात.

कोणतं काय आहे हे कळायला मान डावीकडून उजवीकडे अर्धा फूट हलवा. चकाकीचा ठिपका तुमच्याबरोबर सरकला तर धातुई रंग. जागचा हलला नाही तर एनएमएम. आता एनएमएम चांगलं आहे का ते बघा. धातूवर उजेडाचा बदल झटकन होतो. लख्ख पांढऱ्याला खेटून जवळजवळ काळा येतो. नवखा माणूस हळूहळू, मऊ उतरत जाणारी छटा काढतो आणि तलवार साटिनची होते. मुसळासारख्या गोल दांड्यावर उजेडाची पट्टी लांबीच्या दिशेने जायला हवी. गोल शिरस्त्राणावर एक मुख्य ठिपका आणि खालच्या कडेला जमिनीवरून परतलेला मंद उजेड हवा. तलवारीच्या पात्याच्या दोन बाजूंपैकी एक उजळ असेल तिथे दुसरी गडद, आणि पुढे उलट. सगळ्या चकाकी एकाच दिशेच्या उजेडाला धरून आहेत का, हे शेवटी तपासा. खांद्यावर उजेड डावीकडून आणि गुडघ्यावर उजवीकडून आला असेल तर दोन वेगवेगळ्या शिकवणीचे व्हिडिओ बघून काम झालेलं आहे.

एनएमएमची एक अंगभूत मर्यादा आहे. ते एकाच बाजूने बघण्यासाठी असतं. कपाटातल्या आकृतीला ते शोभतं. टेबलावर सगळ्या बाजूंनी फिरणाऱ्या सोंगटीला धातुई रंगच बहुधा जास्त इमानी ठरतो. स्पर्धांत एनएमएमला जे आपोआप मानाचं पान मिळतं ते दर वेळी मिळायला हवंच असं नाही.

मशाल, जादूचा गोळा, बंदुकीच्या नळीतली आग यांचा उजेड आजूबाजूला पडलेला रंगवतात तेव्हाही असंच तपासायचं. उजेडाकडे तोंड करून असलेल्या पृष्ठभागांवरच तो पडलाय का? लांब जाताना मंदावतोय का? स्रोत हा सगळ्यांत उजळ आहे का? आणि बाकीची आकृती तेवढी अंधारात ठेवली आहे का? शेवटच्या प्रश्नावर सर्वाधिक कामं अडकतात. भर दुपारच्या उजेडात रंगवलेल्या सैनिकावर हिरवी झाक मारली की ती झाक उजेडाची वाटत नाही, रंग सांडल्यासारखी वाटते.

चेहरा, झेंडा, जमीन

28 च्या आकृतीचा डोळा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांच्या आखणीसाठी खास हात लागतो. इथे तोच ताण मोहरीहून लहान जागेत असतो. रीत साधारण अशी: आधी खोबणीत गडद रंग, त्यावर मळकट पांढऱ्याची आडवी रेघ, मग बाहुलीसाठी ठिपका नाही तर उभी बारीक रेघ, आणि नंतर वरच्या-खालच्या पापणीला त्वचेचा रंग आणून डोळा हवा तेवढा मिटवायचा. ठिपका दिला आणि चारही बाजूंना पांढरं राहिलं की वीराला भूत दिसल्याचा भाव येतो. शुद्ध पांढरा वापरला तरी तेच. दोन्ही बाहुल्या एका दिशेला बघताहेत ना आणि ती दिशा डोक्याच्या वळणाशी जुळते ना, एवढं बघा. काही जण डोळे काढतच नाहीत, भुवईखाली सावली सोडतात. तीन फुटांवरून ते कित्येकदा अधिक खरं दिसतं.

झेंड्यावरचं किंवा ढालीवरचं चित्र हाताने काढलंय की चिकटवलंय? चिकटवलेल्या ट्रान्सफरभोवती पारदर्शक पापुद्र्याची कड तिरक्या उजेडात दिसते. खरबरीत, मॅट पृष्ठभागावर तो लावला की खाली हवा अडकते आणि चंदेरी झाक येते. आधी चकचकीत वार्निश आणि नंतर पापुद्रा मऊ करणारं द्रावण वापरलं की ती जाते. दहा शिपायांच्या खांद्यावर अगदी एकसारखी खूण असेल तर तो ट्रान्सफर, आणि त्यात कमीपणा काही नाही. हाताने काढलेल्या झेंड्यात बघायचं ते असं: कापडाची घडी जिथे वळते तिथे चित्राची रेघही वळते का, आणि घडीच्या सावलीत चित्राचा रंगही गडद झालाय का. दुसरी गोष्ट विसरणारे फार.

बेसवर प्रमाण बिघडतं. 2 मिलिमीटरचा खडा या मापात साधारण 11 सेंटीमीटरचा दगड होतो, हे ठीक. पण अंगणातली वाळू न चाळता टाकली की आकृती धोंड्यांच्या राशीत उभी दिसते. 6 मिलिमीटरचं कृत्रिम गवत म्हणजे फूटभर उंच गवत, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत. रेझिनचं पाणी ओतलेलं असेल तर कडांकडे बघा. ते भिंतीला धरून वर चढतं आणि डबकं वाटीसारखं दिसतं. बेसची उभी कड एकाच रंगात, बोटांचे ठसे नसलेली हवी. शेवटच्या पाच मिनिटांचं काम, पण घाईत राहिलं की आख्खी आकृती अर्धवट वाटते.

पांढुरकी धुरकट झाक सगळ्या आकृतीभर दिसली तर ते रंगकाम नाही. दमट हवेत स्प्रे वार्निश मारलं की असं होतं. मुंबई-कोकणात जूनपासून ते फवारण्यापेक्षा ब्रशने लावणंच बरं, हे तिथले शौकीन जाणतातच.

बाजूने, आणि खाली वाकून

कपाटातला उजेड बहुधा वरच्या एलईडी पट्टीचा असतो. त्यामुळे वरच्या फळीवरच्या आकृत्या जळाल्यासारख्या उजळ आणि खालच्या फळीवरच्या अंधारात. खालच्या फळीसाठी उकिडवे बसा. उभ्याने मत बनवू नका. पिवळ्या दिव्याखाली निळे-जांभळे मरतात आणि लाल-केशरी उठतात. दिवसासारख्या पांढऱ्या दिव्याखाली रंगवलेली निळी पलटण पिवळट हॉलमध्ये फिकी पडली तर दोष दिव्याचा.

मोठे देखावे आणि खेळाची टेबलं बघताना डोळे आकृत्यांच्या उंचीला आणा, म्हणजे टेबलाच्या कडेला हनुवटी येईल इतकं वाका. वरून नकाशा दिसतो, खालून लढाई. शंभर-दीडशे आकृत्यांच्या सैन्यात एकेक चेहरा शोधण्यापेक्षा एकवाक्यता तपासा: पहिल्या आणि शेवटच्या शिपायाच्या त्वचेची छटा तीच आहे का, मागच्या रांगेवर हात आखडलाय का, सगळ्यांचे बेस एका जमिनीचे वाटतात का. दोन वर्षांत रंगवलेलं सैन्य एका आठवड्यात रंगवल्यासारखं दिसणं फार अवघड.

ऐतिहासिक टेबलावर आणखी एक कसोटी लागते. असईची लढाई, 23 सप्टेंबर 1803, हा आजच्या जालना जिल्ह्यातला प्रसंग तिकडच्या वॉरगेमवाल्यांना ठाऊक असतो, कारण पुढे वेलिंग्टन झालेला वेलस्ली तिथे शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी लढला. असं टेबल भेटलं तर मराठी बघ्याचा वरचष्मा असायला हरकत नाही. शिंद्यांकडे युरोपीय अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या कवायती पलटणी आणि मोठा तोफखाना होता. त्यामुळे एका बाजूला शिस्तबद्ध रांगा आणि दुसऱ्या बाजूला नुसतेच भालेवाले घोडेस्वार मांडले असतील, तर मांडणाऱ्याचं वाचन अर्ध्यावर थांबलं आहे. दोन नद्यांमधली चिंचोळी जमीन दाखवली आहे का, तेही बघा. लढाईचा सगळा डाव त्या जागेवर होता.

फोटो

फ्लॅश बंद. फोन आकृतीच्या जवळ नेला की तो गुपचूप रुंद लेन्सवर जातो आणि डोकं मोठं, पाय बारीक असा फोटो येतो. मॅक्रो बंद करा, 30 ते 40 सेंटीमीटर मागे या, दुप्पट झूम घ्या आणि नंतर कापा. मागे आल्याचा आणखी एक फायदा: चेहरा आणि पुढे आलेली तलवार, दोन्ही एकाच वेळी स्पष्ट येतात. फोकस चेहऱ्यावर बोट दाबून धरून बांधा. मागचा पडदा काळा असेल तर फोन फोटो जास्त उजळवतो, तेव्हा उजेड हाताने कमी करा. पांढरा असेल तर वाढवा. काचेतलं प्रतिबिंब टाळायला लेन्सची कड काचेला हलकेच टेकवा, परवानगी असेल तर. नाहीतर मित्राला गडद जॅकेट धरून मागे उभं करा. खेळ चालू असलेल्या टेबलावर खेळणाऱ्यांना विचारल्याशिवाय हात पुढे काढू नका.

चिठ्ठ्या आणि बक्षिसं

आकृतीसमोर सोनेरी चिठ्ठी दिसली म्हणून ती पहिली आली असं समजू नका. स्पर्धा कोणत्या पद्धतीची आहे ते आधी विचारा. काही ठिकाणी क्रम लावतात: एक सुवर्ण, एक रौप्य, एक कांस्य. गेम्स वर्कशॉपची गोल्डन डेमन ही 1987 पासूनची स्पर्धा त्याच चालीची. तिथल्या सर्वोत्तम कामाला स्लेयर सोर्ड म्हणून खरीखुरी तलवार देतात. काही प्रदर्शनांत खुली पद्धत असते: प्रत्येक काम ठरलेल्या दर्जाशी ताडतात, आणि त्या दर्जाची वीस कामं असतील तर वीस सुवर्णं देतात. आधी स्वतः क्रम लावा, मग चिठ्ठी वाचा. फरक पडला तर त्या दोन आकृत्यांकडे परत जाऊन मागची बाजू बघा. परीक्षकांना आकृती फिरवून बघता येते, तुम्हाला नाही, आणि बहुतेक मतभेद तिथेच सुटतात.

रंगवणाऱ्याशी बोलताना

“किती तास लागले?” हा प्रश्न त्याला दिवसभरात चाळीस वेळा विचारलेला असतो. त्याऐवजी नेमकं विचारा: हा लाल सावलीत जांभळ्याकडे नेलाय की हिरव्याकडे? कोणता भाग पुन्हा करावा लागला? प्रायमर काळा की वरून पांढरा फवारलेला? एवढ्यावर माणूस खुलतो. चूक दिसली तरी न विचारता सांगू नका. त्याला ती तुमच्या आधीपासून दिसतेय. किंमत विचारायची तर आकृती विकायला आहे का हे आधी विचारा, नाहीतर प्रश्न उद्धट वाटतो.

कधी कधी तो खूश होऊन आकृती हातातच देतो. तेव्हा फक्त बेस धरा, अंगठा आणि मधल्या बोटाने, टेबलापासून चार बोटांवर. तलवार, भाला, पंख यांना स्पर्श नको. बोटाच्या तेलाने वार्निशखालचा रंगही उंच कडांवरून हळूहळू उडतो. परत करताना त्याच्या हातात देऊ नका, दोन हातांमध्येच आकृत्या पडतात. टेबलावर ठेवा आणि त्याला उचलू द्या.